छातीच्या उंचीखालचं जंगल

आणि हे पण ऐकून घ्या पप्पा, तुम्हाला माहीत नसतं तर मी भांडलेच नसते. माहीत नसलेल्या माणसावर काय चिडायचं. पण तुम्हाला माहीत होतं. म्हणून गेले तीन दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडून राहिले. आज रविवार, टीममधले सगळे आपापल्या घरी गेलेत, मी किनवटच्या या भाड्याच्या खोलीत एकटीच आहे, दुपारची वेळ आहे, तर म्हटलं आता कागदावरच भांडते. कागद म्हणून सर्व्हेचे उरलेले फॉर्म घेतलेत, मागची बाजू कोरी असते. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आदिवासींच्या ज्या वस्तीवर, गुड्यावर, तुमची ड्यूटी असायची, त्याच्या मागच्या टेकडीचा दुसरा उतार आता खणायला निघालेत. खणायचा की नाही हे ज्या फॉर्मवरून ठरणार तो मी भरून राहिले, आणि उद्या संध्याकाळी तो नांदेडला द्यायचाय.

फॉर्म साधा आहे. टेकडीवर ठरलेल्या अंतरावर प्लॉट आखायचे आणि प्लॉटमधली झाडं मोजायची. झाड कशाला म्हणायचं ते वरतीच छापलंय, छातीच्या उंचीवर ज्याच्या खोडाला टेप गुंडाळता येते ते झाड. छातीच्या खाली जे आहे ते कुणीच नाही. आता त्या उतारावर छातीएवढं काही उरलंच नाही, सगळं तोडलेलं, शेळ्यांनी खाल्लेलं, दरवर्षी जळलेलं. म्हणजे लिहायचं निरंक. निरंक लिहिलं की जमीन पडीक ठरते, पडीक ठरली की मशीन येतं, मशीन आलं की खुंट मुळासकट बाहेर निघतात, आणि मग सरळ रांगेत खड्डे करून कुठलं तरी भराभर वाढणारं बाहेरचं रोप लावतात, दोन उन्हाळ्यांत ते मरतं, आणि फोटो मात्र राहतो. हे मी तुम्हाला काय सांगते. तुम्ही स्वतः केलंय हे.

मी दहा वर्षांची होते. शाळेसाठी मी आणि आई लातूरला, तुम्ही इकडे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी तुमच्या क्वार्टरवर. मला ते क्वार्टर अजून जसंच्या तसं दिसतं. स्वयंपाकघरात एकच खिडकी, तिच्याखाली चूल, आणि चुलीच्या बाजूला फरशीवर मांडी घालून तुम्ही फॉर्म भरताय. आई भाकरी थापते आणि तुम्ही रकाने मोठ्यानं वाचता, जसं काय आम्हाला त्यातलं कळतं. खाडाखोड झाली की तुम्ही आधी ओठ आवळता, मग बाजूला बारीक सही करता. वर्दी खुंटीला. आपल्या घरातली पहिली वर्दी. आपल्या गावी चाकूरला जाताना सुट्टी असली तरी तुम्ही ती घालूनच एसटीतून उतरायचे, कारण ज्या स्टँडवर तुमच्या वडिलांना लोक अरे-तुरे करायचे, तिथं तुम्हाला चहावाला साहेब म्हणायचा. मला तेव्हा वाटायचं, पप्पांना शोभते म्हणून घालतात. आता कळतं. आणि कळून सुद्धा राग जात नाही, हे लिहून ठेवते.

त्या वर्षी टेकडीवर प्लांटेशनचं काम होतं. दोन उतार होते, गावाकडचा आणि पलीकडचा. तुम्ही मला गावाकडच्या उतारावर घेऊन गेलात. मी शाळेची टोपी घातलेली, त्या वर्षी आमच्या वर्गात झाडं वाचवा असं चार्ट पेपरवर लिहून मला बक्षीस मिळालेलं, त्यामुळे मी एकदम जोशात. मला वाटलं झाडं लावणार म्हणजे मज्जा. आणि तिथं बायामाणसं सब्बल आणि कुदळीनं खुंट उपटून राहिली होती. पळसाचं मूळ तुटलं की लाल चीक येतो, तो मी पहिल्यांदा पाहिला. मुळं माणसाच्या मांडीएवढी, आणि वर कोंब बघावं तर वीतभर. एका बाजूला उपटलेल्या मुळांचा ढीग, दुसऱ्या बाजूला नर्सरीतून आलेल्या सागाच्या जड्यांच्या जुड्या, ओल्या पोत्यात गुंडाळलेल्या. जडी म्हणजे सागाच्या रोपाचं मूळ आणि वर बोटभर ठेवलेलं खोड. ते जमिनीत खोचायचं की फुटतं.

गुड्यातले एक म्हातारे होते, तुम्ही त्यांना काका म्हणायचे. ते ढिगावर बसून तंबाखू मळत होते. काम करत नव्हते, नुसते बघत होते. तुम्ही म्हणालात, "काका, उठा ना, रोज भरायचा का न्हाई आज?"

ते म्हणाले, "साहेब, ही तुमची जडी काय हाय?"

"सागाचं मूळ हाय. फुटतंय ते."

"मंग हे काय हाय?" त्यांनी ढिगाला काठी लावली. "हे बी मूळच हाय. हे बी फुटतंय. तुमच्या मुळाला मोटरीतून आणता, आमच्या मुळानं काय पाप केलं?"

बाया हसल्या. तुम्ही पण हसलात, आणि मग हळू आवाजात म्हणालात, मी शेजारीच होते, "मला कळून राहिलं ना काका. पण फॉर्मात त्याला जागा न्हाई."

हे वाक्य मी विसरले नाही. मला त्याचा अर्थ तेव्हा एवढाच लागला की पप्पांना माहीत आहे की खुंट जिवंत आहे. आणि माझ्या डोक्यात बसलं की ही तर सांगायची गोष्ट आहे, मोठ्या साहेबांना माहीत नसेल, सांगितलं की ते थांबवतील. शाळेत असंच शिकवतात ना, बरोबर उत्तर येत असेल तर हात वर करा.

आठवड्यानं मोठे साहेब जीपमधून आले. त्या दिवशी आपण पलीकडच्या उतारावर होतो. तिथं खड्डे झालेले, मध्ये मध्ये पाल्याचे आणि मातीचे छोटे छोटे ढीग. साहेब खड्डे बघत चालले होते आणि मी मध्येच म्हणाले, "अंकल, स्टंप्सना रूट्स असतात, ते अलाइव्ह असतात. आजोबांनी सांगितलं. पप्पांना पण माहितीये." साहेबांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही हसत म्हणालात, "लेकरू हाय साहेब. इंग्रजी शाळेत काहीबाही शिकवतेत." साहेब पण हसले, माझ्या टोपीवर टपली मारली, जीपमध्ये बसले. जीप वळणावर गेली आणि तुम्ही माझ्या थोबाडीत मारली. सगळ्या बायांसमोर. आयुष्यात एकदाच मारलं तुम्ही मला. संध्याकाळी चुलीपाशी तुम्ही आईला नाही, मलाच म्हणालात, "बोलायला शिकवलं म्हणून कुठंबी बोलायचं न्हाई. तोंड दाबून ठेवायला शिक, माय." आणि दुसऱ्या दिवशी रुमालात बांधून टेंभुर्णीची फळं, टेंभरं आणलीत, पिकलेली, पिवळीधम्मक, आणि काही न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवलीत. मी एक पण खाल्लं नाही. शेजारच्यांच्या शेळीला घातली, तुम्हाला दिसेल असं.

तर तेव्हापासून माझं ठरलं होतं. माझे पप्पा चांगले आहेत पण भित्रे आहेत. तुम्ही कावीळ होऊन गेलात तेव्हा मी चौदा वर्षांची, रडले खूप, पण ते मत बदललं नाही. मी बॉटनी घेतली, एमएस्सी केली, आणि मुलाखतीत कुणी विचारलं जंगलच का, तर सांगायचे की वडील फॉरेस्ट गार्ड होते. लोकांना वाटायचं तुमच्यामुळे. खरं म्हणजे तुमच्याविरुद्ध.

मग आफ्रिका. तुम्हाला खरं वाटणार नाही, तुमची पोरगी झांबियाला जाऊन आली. तिथल्या जंगलावरच्या एका रिसर्च प्रोजेक्टवर सहा महिने फील्ड असिस्टंट. त्या जंगलाला मिओम्बो म्हणतात. आपल्यासारखंच कोरडं जंगल, अर्धं वर्ष पाऊस नाही, लोक त्यातूनच सरपण घेतात, कोळसा पाडतात, गवत जाळतात, फळं, मध, अळ्या सगळं गोळा करतात. पावसाच्या आधी नवीन पालवी फुटते तेव्हा पूर्ण जंगल तांबडं होतं, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं आग लागली. मी तिथं पहिल्याच आठवड्यात काय केलं सांगू का. मला एक प्लॉट दिला, जुनी तोडलेली जागा होती, कोळशासाठी सगळं कापून नेलेलं. मी टेप घेतली, छातीची उंची मोजली, फिरून आले आणि शून्य लिहिलं. पूर्ण आत्मविश्वासानं.

आमच्यासोबत गावातली एक बाई असायची, साठीची असेल, सगळे तिला बामायो म्हणायचे, म्हणजे आई. झाडांची नावं तीच सांगायची, थोडं इंग्रजी यायचं तिला. तिनं माझ्या फॉर्ममध्ये डोकावलं आणि विचारलं, हे काय लिहिलं? म्हटलं, झीरो. तिनं खांद्यावरची कुदळ उतरवली, माझ्या पायाशी गुडघ्याएवढा एक कोंब होता त्याच्या बाजूची माती ओढली. खाली तिच्या दंडापेक्षा जाड मूळ. म्हणाली, "हे माझ्या आईपेक्षा म्हातारं असेल, आणि तू त्याच्या अंगावर उभी राहून म्हणतेस कुणी नाही." मग विचारलं, तुला हे मोजणं कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझे वडील जंगलखात्यात गार्ड होते. ती इतकी हसली पप्पा. बाकीच्यांना ओरडून त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, ते पण हसले. मला नंतर कळलं, ती म्हणाली होती, ही गार्डची पोरगी आहे रे, कोळशाची पोती झाका.

दुपारी प्रोजेक्टच्या मॅडमनी मला माझ्याच फॉर्मचं दुसरं पान उलटून दाखवलं. मी ते वाचलंच नव्हतं. त्या पानावर रकाने होते. खुंट किती, खुंट जिवंत का मेलेला, जमिनीपासून किती वर कापलाय, एका खुंटाला किती कोंब, जळल्याची खूण आहे का, गुरांनी खाल्लंय का. पूर्ण पान. त्या म्हणाल्या, या जंगलात बियांपेक्षा जुन्या मुळांतूनच जास्त झाडं परत येतात, त्यामुळे जंगल किती उरलंय हे मातीच्या वर बघून ठरत नाही. जपायचं म्हणजे नवीन लावायचंच असं नाही. आहे त्या खुंटावरचे दोन जोरदार कोंब ठेवायचे, बाकीचे काढायचे, आणि गवत जाळायचंच असेल तर पाऊस संपल्या संपल्या, अर्धं ओलं असताना जाळायचं, म्हणजे आग हलकी जाते. उन्हाळ्याच्या शेवटी लागलेली आग कोंबाला सोडत नाही. बामायो हे ऐकताना तोंड वाकडं करत होती, कारण हे सगळं तीच पहिल्यांदा त्यांना बोलली होती.

त्या पानावरच्या एकेका रकान्यावरून मी बोट फिरवलं. फॉर्मात जागा होती, पप्पा. कुणीतरी बसून, स्केलनं रेघ मारून, ती जागा केली होती. फॉर्म काय आभाळातून पडत नाही, माणसंच बनवतात आणि माणसंच बदलतात. तुम्ही वीस वर्षं नोकरी केली, एकदा तरी पट्टी घेऊन एक रेघ मारायची. एकदा तरी अर्ज लिहायचा. कुणी ऐकलं नसतं, बरं नसतं ऐकलं, पण निदान मला मारायच्या ऐवजी माझ्या बाजूनं उभं राहायचं. तिकडे त्या तांबड्या जंगलात मी संध्याकाळी मक्याच्या पिठाचा गोळा खात बसायचे आणि तुमच्यावर चिडायचे. सहा महिने.

परत आले आणि ही नोकरी मिळाली, कंत्राटी. एक संस्था आहे, झाडं लावायच्या आधीचे सर्व्हे करून देते. मी हावरटासारखी हो म्हटलं, कारण यादीत किनवट होतं. बुधवारी पहिल्यांदा टेकडीवर गेलो. गावाकडचा उतार मी ओळखलाच नाही. नुसता मुरूम. तुमच्या सागापैकी काहीच नाही, गवतसुद्धा धड नाही, पावसानं माती खाली नेली. आणि टेकडी ओलांडून पलीकडे गेलो, तर पाय टाकायला जागा नाही इतके कोंब. पळस, टेंभुर्णी, ऐन, धावडा, मोहाचे सुद्धा. सगळे गुडघ्याच्या खाली, चावलेले, काळवंडलेले, पण जिवंत. मला आधी कळेना, एकाच टेकडीवर हे असं कसं. वाटलं, त्या वेळी निधी संपला असेल, काम अर्धं सोडलं असेल.

आमचे सर सोबत होते. चांगला माणूस आहे, नांदेडचा, डब्यातलं निम्मं दुसऱ्याला देणारा. मी म्हटलं, सर, हे झाडच आहे, जमिनीच्या खाली आहे. मी त्यांना आफ्रिकेचं सगळं सांगितलं, खुंटांचा रकाना कसा असतो तेही. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, तुमची आफ्रिका लई चांगली असंल. पण ह्यो फॉर्म आपण बनवला न्हाई, वरून आलाय. छातीच्या उंचीला खोड दिसलं तर लिहा, न्हाई तर निरंक लिहा अन् पुढं चला. ऊन व्हायलंय."

गुरुवारी मी पुन्हा विषय काढला. म्हटलं, निदान शेऱ्याच्या जागेत लिहू द्या की जिवंत खुंट आहेत. तेव्हा त्यांनी बॅगेतून जुन्या रेकॉर्डची झेरॉक्स काढली. तुमचं अक्षर मी दुरूनच ओळखलं. दोन्ही उतारांसमोर लिहिलंय, खुंट काढून क्षेत्र साफ केले, शिल्लक खुंट निरंक. खाली तुमची सही. सर म्हणाले, "हे कोण, तुमचे वडीलच ना? त्यांनी लिहून ठेवलंय की खुंट न्हाईत. मंग मॅडम, तुमी खुंट कुठून आणले? का त्यांनी खोटं लिवलं, का तुमी खोटं लिवून राहिले. दोन्ही तर खरं असू शकत न्हाई." वाईट हेतूनं नाही बोलले ते. पण मी खाली पायाकडे बघितलं. कारण मी त्याच क्षणी एका खुंटाला पाय लावून उभी होते.

शुक्रवारी मी एकटी गुड्यावर गेले. काका तर केव्हाच गेले, त्यांची मुलगी आहे, पन्नाशीची, शेळ्या सोडायला निघाली होती. मी सांगितलं मी कोण. तिनं मला खालून वरपर्यंत बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. म्हणाली, "टोपीवाली का तू? अवं माय, तू तर आमाला जेलात घालत होतीस."

मी विचारलं, म्हणजे?

"म्हंजे काय. माह्या बापानं जडीवरून गार्डसाहेबाला टोकलं ना, तर दुसऱ्या दिवशी साहेब आमच्या दारात. म्हणे, काका, अलीकडचं तर गेलं, पलीकडचे खुंट राहू द्या. खड्डे मदल्या जाग्यात मारा, वाकडे झाले तरी चालतंय. पर मोठा साहेब यायच्या दिवशी खुंट दिसला न्हाई पायजे. मंग आमी काय केलं, साऱ्या बायांनी पहाटं जाऊन एकेका खुंटावर माती घातली, वरून पाला. लेकराला पांघरूण घालतो तसं. मोठा साहेब त्याच्यावरूनच चालत गेला, त्याला काई कळलं न्हाई. अन् तू मधातच बोलली. माह्या बापाचा हात तंबाखूवरच थांबला." मग हसणं थांबवून म्हणाली, "तुला मारलं तवा आमाला लई वाईट वाटलं. पर बरंच झालं म्हणा."

पप्पा, मला वाटलं होतं हे ऐकून माझा राग जाईल. गेला नाही. दुप्पट झाला. पाल्याचे ते ढीग मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते आणि मला कुणी सांगितलं नाही. मी दहा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. आदल्या दिवशी मला सांगितलं असतं, माय, हे आपलं गुपित आहे, तर मी जीभ चावली असती पण बोलले नसते. टेंभरांच्या रुमालाबरोबर चार शब्द दिले असते तरी मी सोळा वर्षं तुम्हाला भित्रा समजले नसते. गुड्यातल्या सगळ्या बायांना माहीत, शेळ्या राखणाऱ्या पोरांना माहीत, आणि तुमच्या स्वतःच्या मुलीला नाही. तुम्हाला वाटलं असेल, झालं, वाचलं जंगल. नाही वाचलं. तुम्ही झाडं वाचवली आणि कागदावर मारून टाकली. तुमच्यानंतर जो कुणी आला त्यानं तुमचा कागद वाचला आणि त्याला दिसलं, खुंट निरंक, लावलेला साग मेला, म्हणजे पडीक. तुमच्याच सहीमुळे तो उतार आता यादीत आलाय. नुसतं गुपचूप चांगलं करून ठेवलं की काय होतं ते मी गुरुवारी झेरॉक्सवर बघितलं.

काल आईला फोन केला. आई आता जंगलखात्याच्या नांदेडच्या ऑफिसात आहे, तुमच्या जागेवर अनुकंपामध्ये लागली ती, तुम्हाला हे कुठं माहीत असणार. फाईली तिच्याच टेबलावरून जातात. मी तिला सगळं सांगितलं, मातीचं, पाल्याचं, आणि म्हटलं, मी लिहिणार आहे की जुनं रेकॉर्ड चुकीचं आहे. तिनं आधी टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाली, "तू काय करून राहिली तुला कळून राहिलं का? मेलेल्या माणसाला चौकशी लावणार का तू?"

मी म्हटलं, आई, चौकशी कोण लावतंय, इतक्या वर्षांनी कोण विचारणार.

"विचारतेत. चांगलं केलेलं कुणी विचारत न्हाई, पर असलं बरोबर विचारतेत. उद्या हितं चार माणसं म्हणतील, बघा, ह्यांच्या लोकांना नोकऱ्या दिल्या तर काय करतेत. मी रोज त्यांच्यात बसते. तू न्हाई बसत." मग आवाज उतरवून म्हणाली, "त्यांच्या अंगावर एक डाग नव्हता. तेवढंच तर ठेवून गेले."

मग मी विचारलं, आई, तुला माहीत होतं का खुंटांचं? आईनं फोन ठेवला. म्हणजे तिला पण माहीत होतं.

मी तिच्यावर रागवू शकत नाही, म्हणून सगळं तुमच्यावर निघून राहिलं. आणि आता जे लिहिते ते लिहायला सकाळपासून टाळत होते, म्हणून एवढी पानं झाली. बुधवारी सर म्हणाले, निरंक लिहा आणि पुढे चला. मी लिहिलं. पलीकडच्या उतारावरच्या पहिल्या चारही प्लॉटमध्ये, एकेका अक्षरानं, स्वच्छ, निरंक. गुरुवारी, शुक्रवारी एकही प्लॉट भरला नाही, पण ते चार भरलेत. तेव्हा तुमचं रेकॉर्ड मी बघितलेलं नव्हतं, आई बोललेली नव्हती, माझ्यावर कुणी डोळे वटारले नव्हते. ऊन होतं, नोकरी नवीन होती, सर चांगले होते, एवढंच. चौथ्या प्लॉटमध्ये एक कोंब माझ्या सलवारीत अडकला, तो मी सोडवला आणि लिहिलं निरंक. आफ्रिकेचं एवढं लेक्चर देऊन. तुम्ही निदान खोटं लिहून काहीतरी वाचवलं. माझ्या निरंकनं कुणीच वाचत नव्हतं.

ही पानं मी फाईलला लावणार नाही. कुठंच लावणार नाही, उशीखाली राहतील. आत्ता मी त्या चार ओळी खोडल्या आणि बाजूला सह्या केल्या, शेजारी पट्टीनं एक रेघ मारून नवीन रकाना काढला, वर लिहिलं जिवंत खुंट. उद्या सकाळी परत जाऊन मोजणार आहे, जेवढे मोजून होतील तेवढे. सर काय म्हणतील ते म्हणू देत. ते मी ठरवलंय, त्याबद्दल तुम्हाला विचारत नाही. शेऱ्याची जागा मात्र अजून कोरी आहे. तिथं लिहावं लागेल की जुन्या नोंदीत निरंक असताना हे खुंट आले कुठून. गुड्यातल्या बायांनी झाकून ठेवले एवढंच लिहिलं तर त्यांच्यावर येतं. कुणाच्या सांगण्यावरून झाकले ते लिहिलं तर तुमच्यावर येतं, आणि उद्यापासून आईला त्या टेबलावर बसायचंय. काहीच लिहिलं नाही तर सर म्हणतात तसं माझे खुंट खोटे ठरतात आणि मशीन येतं. तुम्ही आयुष्यभर शेरे लिहिलेत पप्पा, तुम्हाला काय वाटतं, तुमचं नाव घालू का?